एका पाटीवरच्या दोन भाषा

निवृत्तीला वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा जळगावजवळच्या एका शेती प्रशिक्षण केंद्रातून मला फोन आला. केळी आणि ठिबक शिकायला तिथे बाहेरदेशांतून लोक येतात, हे मला ऐकून माहीत होतं. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, दोन पाहुणे येताहेत, तीन महिन्यांसाठी. फाटकावर स्वागताची पाटी लावायची आहे, त्यांच्या भाषेत. तुम्ही भाषेच्या शिक्षिका. एवढं बघता का?"

"कुठली भाषा?"

"एक बाई इंडोनेशियाच्या आहेत, एक गृहस्थ लाओसचे. तिकडचीच काहीतरी असेल की एखादी."

मी चाळीसगावच्या शाळेत तीसेक वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवलं. काही वर्षं संस्कृतही. त्यामुळे लोकांना वाटतं की मला सगळ्याच भाषा येतात. मी सांगितलं की पाटीचं नंतर बघू, आधी माणसांना विचारू. त्यावर त्यांनी मला कामच देऊन टाकलं. रोज सकाळी दोन तास पाहुण्यांचं इंग्रजी सुधारायचं, बाजारात किंवा डॉक्टरांकडे जायचं झालं तर सोबत करायची. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला होती, जळगावात मी एकटीच. मी हो म्हटलं.

बाई तिशीच्या आतबाहेरची होती. बांडुंग शहराच्या वरच्या डोंगरात तिच्या वडिलांची रोपवाटिका होती. डोक्याला रुमाल, बोलणं हळू, बोलताना हात एकावर एक ठेवलेले. गृहस्थ तिच्याहून पाच-सात वर्षांनी मोठा. उत्तर लाओसच्या डोंगराळ भागातला, दोन मुलींचा बाप, केळीच्या मळ्यावर मुकादम. रुंद खांदे, कमी शब्द. पहिल्याच दिवशी मी दोघांना विचारलं, की घरी कुठली भाषा बोलता. ती म्हणाली, "सुंदा. इंडोनेशियन शाळेत." तो म्हणाला, "ह्मोंग. लाओ शाळेत." मी विचारलं, एकमेकांचं काही कळतं का. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसली. काहीच कळत नव्हतं. त्यांच्यात चालणारी भाषा एकच होती, मोडकं इंग्रजी.

केंद्रावरच्या लोकांना हे पटायला वेळ लागला. स्वयंपाकघरातल्या बाई रोज म्हणायच्या, "तोंडं तर सारखी दिसतात." मी त्यांना म्हटलं, आपण आणि मद्रासकडचे लोक त्यांना सारखेच दिसत असू. त्यावर त्या म्हणाल्या, "ते कसं?"

पाटीसाठी मी दोघांकडून स्वागताचे शब्द लिहून घेतले आणि तिथूनच एक वही सुरू झाली. डाव्या पानावर सुंदा, उजव्या पानावर ह्मोंग. मला संशोधन वगैरे करायचं नव्हतं. तास भरायचा होता, आणि इंग्रजीची वाक्यं घोकून घेण्यापेक्षा हे बरं चाललं होतं. माणूस स्वतःच्या भाषेबद्दल सांगायला लागला, की मोडक्या इंग्रजीतही खूप बोलतो.

मी साध्या गोष्टीपासून सुरुवात केली. 'जेवणे'. ह्मोंगमध्ये झटकन उत्तर मिळालं. शब्द एकच होता, 'नॉ'. मी जेवतो, तू जेवतोस, आजोबा जेवतात, काल जेवले, उद्या जेवतील, सगळीकडे तोच, जसाच्या तसा. मराठीच्या शिक्षिकेला हे ऐकून हेवाच वाटावा. एवढी वर्षं मी पोरांकडून क्रियापदांची रूपं पाठ करून घेतली होती.

सुंदाच्या पानावर मात्र ती पेन्सिल धरून थांबली. म्हणाली, "इबू, कोण जेवतंय?"

इबू म्हणजे आई, किंवा मोठी बाई. मला ती तशी हाक मारायची.

"कुणीही."

"कुणीही असं नसतं," ती म्हणाली. मित्रामैत्रिणीत 'दाहार'. वडीलधाऱ्यांशी बोलताना स्वतःबद्दल सांगायचं, तर 'नेदा'. आणि ते वडीलधारे जेवत असतील, तर 'तुआंग'. पंक्ती तीन, अन्न एकच. हेच घराचं, येण्याजाण्याचं, झोपण्याचं. 'मी' सुद्धा तीन-चार, नम्रपणे 'अब्दी', साधेपणाने 'कुरिंग', आणि एक इतका रांगडा, की तिने पानावर लिहिला आणि लगेच खोडून टाकला.

मी विचारलं, बोलताना गोंधळ होत नाही का. ती म्हणाली, होतो. म्हणून तिच्या पिढीतली पुष्कळ मुलं मोठ्यांसमोर इंडोनेशियन बोलतात. त्या भाषेत चूक झाली तर कुणी दुखावत नाही.

सुंदामध्ये मला पाय टेकायला जागा सापडत होती. भाषेला ते 'बासा' म्हणतात. बाईला आदराने 'इस्त्री', दुसऱ्याच्या मुलाला आदराने 'पुत्र'. आपल्यासारखंच, मान द्यायचा झाला की संस्कृतच्या कपाटाकडे हात जातो. आपण नाही का पत्रिकेत 'भोजन' लिहितो आणि घरात 'जेवायला बस' म्हणतो. त्यांचं अनेकवचन मजेशीर होतं. 'बुदाक' म्हणजे मूल, 'बारुदाक' म्हणजे मुलं. शब्दाच्या पोटातच एक तुकडा बसवतात. आणि एकच गोष्ट अनेक जण करत असतील, तर क्रियापदाच्याही पोटात. मी ते तिच्याकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतलं.

ह्मोंगमध्ये पाय टेकेना. एके दिवशी त्याने फळ्यावर रोमन अक्षरांत 'pob' लिहिलं. मी वाचलं, "पॉब." तो हसला. शेवटचा 'ब' उच्चारायचाच नसतो. ते अक्षर फक्त सांगतं, की आवाज उंच धरा. मग त्याने त्याच शब्दाखाली शेवटचं अक्षर बदलत सहा शब्द लिहिले आणि एकेक म्हणून दाखवला. मला सातही वेळा 'पॉ' ऐकू आलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पहिला चेंडू, दुसरा बाई, मग फेकणे, प्लीहा, काटा, वडिलांची आई आणि बघणे. कुठे आवाज चढतो, कुठे पडतो, कुठे श्वास सोडत म्हणायचं, कुठे गळ्यात चिरकल्यासारखं.

मी प्रयत्न केला. तो नम्रपणे म्हणाला, "टीचर, आता तुम्ही आजीला काटा म्हणालात."

सुंदावाली खो खो हसली. तिलाही ते जमलं नाही. तिच्या भाषेत 'र' म्हणताना जिभेचं टोक थरथरवायचं असतं. तो मग त्याला जमला नाही. फिट्टंफाट झाली.

त्याच्याकडचं एक मात्र मला लगेच समजलं. ह्मोंगमध्ये 'तू' वेगळा, 'तुम्ही दोघं' वेगळं आणि दोघांहून जास्त असतील तर आणखी वेगळं. मी फळ्यावर 'द्विवचन' लिहिलं. संस्कृतच्या पुस्तकात मी ते मुलांना रटवत होते, तेव्हा ते कुणाच्या तोंडी जिवंत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी विचारलं, "आणि आदराचं 'तुम्ही'?"

"नाही."

"मग आजोबांना काय म्हणता?"

"आजोबा म्हणतो," तो म्हणाला. "आजोबा, तू जेवलास का."

मी वहीत लिहिलं आणि पुढच्या शब्दाकडे गेले. त्या दिवशी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

महिनाभराने शेतावर एक प्रकार घडला. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की त्यात आम्ल सोडून धुतात. ते रिकाम्या तुकड्यात सोडायचं असतं, कोवळ्या रोपांवर गेलं तर रोपं करपतात. हे काम शिकवणारे तिथले सगळ्यात जुने कर्मचारी होते. साठीचे, पांढरी टोपी, सगळं केंद्र त्यांना नाना म्हणायचं. त्या सकाळी नानांनी मजुराला जो व्हॉल्व्ह उघडायला सांगितला, तो आठवड्यापूर्वी लावलेल्या केळीच्या रोपांकडे जाणारा होता. सुंदावाली तिथेच उभी होती. तिने नळ्यांचा नकाशा आदल्या रात्रीच पाठ केला होता. चूक तिला तत्क्षणी दिसली.

आणि ती गप्प उभी राहिली.

पाचेक मिनिटांनी ह्मोंग गृहस्थ दुसऱ्या टोकाकडून आला. त्याने पाहिलं, धावत जाऊन नानांच्या तोंडावर ओरडला, "Stop! You wrong!" आणि स्वतःच व्हॉल्व्ह बंद केला. दोन ओळी करपल्या, बाकी वाचल्या.

रोपं वाचल्याचं कुणीच बोललं नाही. मजूर पोट धरून हसले, ते नानांना दिसलं. दुपारी ते व्यवस्थापकांसमोर म्हणाले, "चाळीस वरीस मातीत काढले. काल उनेल मानूस माले चूक सांगस, ते बी मजुरेससमोर." काल आलेल्याने आपली चूक काढावी, हे त्यांना लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला शिकवणं बंद केलं. तो वाफ्याशी आला, की ते दुसऱ्या वाफ्याकडे जायचे. तो भांबावला. आणि सुंदावालीने त्याच्याशी बोलणं टाकलं. तासाला दोघं माझ्या टेबलाच्या दोन टोकांना बसू लागली.

तीन दिवस मी ते चालू दिलं. चौथ्या दिवशी वही बाजूला ठेवली आणि तिला विचारलं, "तुला दिसलं होतं ना?"

तिने हात एकावर एक ठेवले. मग म्हणाली, "दिसलं होतं. मी शब्द शोधत होते."

"कसला शब्द?"

"माझ्या भाषेत मला माहीत आहे कसं सांगायचं. मोठ्यांना चूक दाखवायचीही रीत असते. आधी माफी, मग 'आपल्या नजरेतून सुटलं नसेलच, पण', मग ते वाक्य. इंग्रजीत मला 'यू' शिवाय काही येत नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'यू' कसं म्हणू? मी विचार करत होते, तेवढ्यात रोपं जळली." आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "याने म्हणून टाकलं. याला काही वाटलं नाही."

तो ताठ झाला. "मला काही वाटलं नाही असं तुला कुणी सांगितलं?"

तिने रुमाल पुढे ओढून घेतला.

"घरी मी असं बोललो असतो का?" तो माझ्याकडे वळला. "घरी मी म्हणालो असतो, काका. आधी काका. काका म्हटलं, की पुढे काहीही सांगता येतं. ओरडताही येतं. इथे त्यांना काय म्हणायचं, ते मला कुणी शिकवलं नाही. मिस्टर म्हणू? मिस्टर म्हणेपर्यंत अजून एक ओळ गेली असती."

मला त्यांच्यात समेट करायचा होता, म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी त्या 'काका'पाशी अडकले होते. आमचं गाव धुळ्याजवळ, सोनगीरच्या पलीकडे, घरची बोली खानदेशी. आमच्या घरात आजोबांना सगळी नातवंडं 'आबा, तू' म्हणायची. आबा, तू जेवना का. आबा, तू कव्हय उना, म्हणजे कधी आलास. त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नसे, कारण सगळा मान त्या 'आबा'त दिलेला असायचा. पाचवीला मी धुळ्याच्या शाळेत गेले. पहिल्या आठवड्यात बाईंना म्हणाले, "बाई, तू माले बलावं का?" वर्ग हसला. बाईंनी मला उभं करून 'तुम्ही मला बोलावलंत का' हे वाक्य दहादा म्हणायला लावलं. पुढे मी शिक्षिका झाले, आणि 'शे' म्हणणाऱ्या पोरांना 'आहे' म्हणायला लावण्यात माझी तीस वर्षं गेली. मी मारलं नाही कुणाला. हसले मात्र असेन. नक्की आठवत नाही. आठवत नाही म्हणजे हसले असणार.

मी त्या दोघांना हे सांगितलं. सविस्तर नाही, दोन-चार वाक्यांत. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या गावची भाषा ह्मोंगसारखी आहे."

"एवढ्यापुरती," मी म्हटलं.

"आणि शाळेतली भाषा माझ्यासारखी," ती म्हणाली. तिचा राग निवळला होता की ती थकली होती, कोण जाणे.

मग आम्ही नानांकडे काय बोलायचं ते ठरवायला बसलो. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. एक प्रमाण मराठीतलं, 'नाना, रागावू नका.' दुसरं आमच्याकडचं, 'नाना, राग नको धरू.' तिचं मत ठाम होतं, की 'नका'च हवं. तो दोन्ही वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, दुसरं. ते तोंडात बसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना पंपाशी बसून बिडी ओढत होते. मी लांब उभी होते. तो गेला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "नाना, राग नको धरू."

त्याच्या सवयीप्रमाणे प्रत्येक शब्द वेगळ्या उंचीवर गेला होता. नानांनी बिडी खाली केली.

"तुले हाई कोनी शिकाडं रे?"

त्याला प्रश्न कळला नाही, म्हणून त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. म्हणाले, "ऊठ. फिल्टर धोवाना शे." तो उठला. एवढंच झालं. त्यानंतर शेतावर दिवसभर 'नाना, नाना' ऐकू यायचं. ती सुद्धा म्हणायला लागली, पण तिच्या तोंडी 'नाना' आधी वाकायचा आणि मग बाहेर पडायचा. एकदा तिने त्यांना खताचं प्रमाण चुकल्याचं सांगितलं. मी तिथे नव्हते. कसं सांगितलं असं विचारलं, तर म्हणाली, "नाना म्हटलं, आणि डोळे मिटून बाकीचं बोलून टाकलं."

नंतर एका रविवारी मी दोघांना माझ्या गावी नेलं. केंद्राची जीप होती. ती चालवणारे चाचा जळगावचेच. त्यांच्या घरून तिला दर शुक्रवारी जेवणाचा डबा यायचा. धुळ्यापर्यंत चाचांनी आणि तिने दोन्हीकडे अरबीतून आलेल्या शब्दांचा खेळ चालवला. चाचा म्हणायचे "दुनिया", ती म्हणायची "दुन्या". ते म्हणायचे "कुर्सी", ती म्हणायची "कुर्सी". "वक्त" म्हटलं की "वक्तू". चाचा दर शब्दाला स्टिअरिंगवर थाप मारत होते. ह्मोंग गृहस्थ मागे बसून ऐकत होता. मी विचारलं, तुझ्याकडचा एखादा शब्द जुळतो का. तो म्हणाला, "माझी भाषा डोंगरातून आली. समुद्रावरून आली असती, तर जुळले असते." त्यात त्याला वाईट वाटत नव्हतं. सांगण्यासारखं होतं, म्हणून सांगितलं.

गावी माझा भाऊ, वहिनी आणि आत्या. आत्याला सगळे अक्का म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. तिला खानदेशीशिवाय काही येत नाही, आणि यावं असं कधी वाटलंही नाही. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आत जायचं, तर तिच्या पुढ्यातूनच जावं लागत होतं. माझ्या मागून सुंदावाली आली आणि थबकली. मोठ्यांसमोरून जाताना त्यांच्याकडे एक रीत आहे. कमरेत वाकायचं, उजवा हात खाली सोडायचा, आणि 'पुंतन' म्हणायचं, म्हणजे माफ करा, जाऊ का. समोरच्याने 'मंग्गा' म्हणायचं, म्हणजे जा की. उत्तर आल्याशिवाय जायचं नाही, असं काही नाही. पण उत्तर येतंच, इतकी ती जोडी पक्की आहे. हे मला नंतर कळलं.

ती वाकली, हात खाली केला, म्हणाली, "पुंतन."

अक्काला वाटलं, पोरगी काहीतरी सांगायला लागली आणि मध्येच थांबली. ती हनुवटी वर करून म्हणाली, "मंग?"

आमच्याकडे 'मग'ला 'मंग' म्हणतात. बोल, पुढे काय, असा त्याचा अर्थ.

ती तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं, पाठीत उसण भरली. मग पाहिलं, तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन महिने ती केंद्रातल्या प्रत्येक माणसासमोरून 'पुंतन' म्हणत गेली होती आणि कुणी मान हलवली होती, कुणी "सॉरी, सॉरी" म्हणालं होतं, कुणी पाहिलंही नव्हतं.

"का बरं रडी राहिनी हाई?" अक्का मला म्हणाली. "मी काय बोलनू?"

मी अक्काला समजावून सांगितलं, की त्यांच्याकडे असंच म्हणतात. तिला पूर्ण पटलं नाही. "मंग बठ्ठाच म्हनतस," ती म्हणाली, म्हणजे 'मंग' तर सगळेच म्हणतात. मग तिने त्या पोरीला हाताला धरून शेजारी बसवलं, तिच्या रुमालाचं कापड बोटांत धरून पाहिलं आणि विचारलं, "माय शे का तुनी?" मी भाषांतर केलं. ती म्हणाली, आहे. अक्का म्हणाली, "मंग?" म्हणजे आई आहे तर रडतेस कशाला. दोघींना वेगवेगळं कळलं आणि दोघींनाही हसू आलं.

ह्मोंग गृहस्थाला अक्काने पहिल्याच वाक्यात 'तू' म्हटलं. "भाऊ, तू जेव पोटभर." त्याने मला हळूच विचारलं, "आदर की अनादर?" मी म्हटलं, "भाऊ म्हणाली ना." त्याने मान हलवली आणि तीन भाकरी खाल्ल्या. जाताना तो तिला 'अक्का' म्हणून त्याच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलला. मी अर्थ विचारला. म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला द्यायचे आशीर्वाद आहेत, इंग्रजीत ते बिघडतात. अक्का डोळे बारीक करून ऐकत होती. तो थांबल्यावर म्हणाली, "गाना सारखं शे." मी हे त्याला सांगितलं. सात सुरांची गोष्ट तिला कुणी समजावली नव्हती.

परतीच्या वाटेवर दोघं जीपमध्ये झोपून गेली. मी स्वतः काय विचार करत होते, ते आता नीट सांगता येणार नाही. घरी आल्यावर भावाला फोन केला, पोहोचले म्हणून. फोनवर आम्ही बहीणभाऊ कित्येक वर्षं प्रमाण मराठीत बोलत आलो आहोत. त्या दिवशीही तसंच बोललो. जी सवय तीस-चाळीस वर्षांची, ती एका रविवाराने जात नाही.

तीन महिने संपले. ती आधी गेली. जळगाव स्टेशनवर मुंबईच्या गाडीला सोडायला मी आणि तो गेलो होतो. सकाळची वेळ, फलाटावर पाचोऱ्याकडे जाणारी नोकरदार मंडळी. गाडी यायला दहा मिनिटं होती. तो तिला म्हणाला, "तुझ्या भाषेत 'नीट जा' कसं म्हणायचं? तुला म्हणायचं आहे. कुठल्या पायरीवरचं म्हणू?"

मला वाटलं, ती पटकन सांगेल. ती विचारात पडली. वयाने तो मोठा, म्हणजे त्याने तिला साधं म्हटलं तरी चाललं असतं. मित्र म्हणावा, तर आणखी साधं. पण प्रवासाला निघालेल्या माणसाला आदराने निरोप द्यायचा असतो. शेवटी तिने वरच्या पायरीवरचं सांगितलं, "विलुजंग अंकत."

त्याने ते म्हटलं. पहिला शब्द उंचावर, दुसरा कड्यावरून सोडून दिल्यासारखा. तिने दुरुस्त केलं नाही. म्हणाली, "असंच राहू दे."

मग तिने त्याला त्याच्या भाषेतलं विचारलं. त्याने सांगितलं. तिने म्हटलं. तो गंभीरपणे म्हणाला, "अर्थ काहीच झाला नाही. पण मी समजलो." गाडी आली, तिने दारात उभं राहून माझ्यासमोर मान वाकवली, आणि डबा पुढे गेला.

दोन दिवसांनी तो निघाला. फाटकाशी, दोन भाषांतल्या त्या स्वागताच्या पाटीखाली, जीप उभी होती. चाचा सामान चढवत होते, तेवढ्यात नाना त्यांच्या जुन्या स्कूटरवरून आले. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. त्यांनी हँडलला लटकवलेली कापडी पिशवी काढून त्याच्या हातात दिली. त्यात केळीचे वेफर्स होते, घरी तळलेले, अजून कोमट.

"वाटमा खाय," नाना म्हणाले.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. त्याने हातानेच मला थांबवलं. मग त्याने नानांना त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं, दोनच शब्द. तेही मला कुणी भाषांतर करायला सांगितले नाहीत. नानांनी टोपी नीट केली आणि स्कूटरला किक मारली.